एकच ‘लाइन’, अर्थ किती? मुंबईत बोलले जाणारे सगळे इथे जमवूया

शब्दवेडी

मी परळला मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. मुलं लांबलचक शब्दांपाशी अडत नाहीत, छोट्या शब्दांपाशी अडतात. ‘फोटोसिंथेसिस’ एकदा पाठ झाला की विषय संपला. ‘सेट’, ‘रन’, ‘टर्न’, ‘लाइन’ हे मात्र दर धड्यात नवा अर्थ घेऊन येतात. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली, तेव्हा तिच्यात सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि ‘रन’ने त्यालाही मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ संपादकांनी मोजले.

‘सेट’ आणि ‘रन’वर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला ‘लाइन’बद्दल बोलायचंय, कारण मुंबईत हा शब्द आपण इंग्रजी समजून वापरतच नाही. भाजीवालीपासून मंत्रालयातल्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. रेषा, ओळ, रांग या सगळ्या स्त्रीलिंगी, तशी हीही स्त्रीलिंगी झाली आणि ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’ असं सामान्यरूपही आपण करून टाकलं.

पण मुलांच्या वहीत काय असतं? ‘लाइन म्हणजे ओळ.’ मग कपडे लाइनवर वाळत घातलेत अशा इंग्रजी वाक्याचं ‘कपडे ओळीत आहेत’ होतं. फोनवरचं ‘होल्ड द लाइन’ हे ‘रेषा पकडा’ होतं. पोरं मेहनत घेतात, त्यांच्या हाती दिलेला अर्थच तोकडा आहे.

माझं ठाम मत असं की हे अर्थ सुटे सुटे पाठ करायचे नाहीतच. सगळ्यांच्या मुळाशी एक ताणलेली दोरी आहे. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस. जवसाच्या खोडापासून जो धागा निघतो तो ‘लिनिआ’. विदर्भात चटणीला घालतात तेच जवस, त्याच झाडाचं लिनन कापड. शिंपी ज्याला ‘लायनिंग’ म्हणतो ते अस्तरही तिथलंच, कारण पूर्वी युरोपात आतून लिनन लावत. तर आधी धागा, मग ताणलेली दोरी, मग दोरीसारखं जे जे सरळ आणि एकामागोमाग असतं ते सगळं.

तुमच्या तुमच्या कामात, वस्तीत ही ‘लाइन’ कुठल्या अर्थाने येते ते लिहा. मला वर्गासाठी खरी उदाहरणं हवी आहेत, कोशातली नकोत.

कल्याण_स्लो

ताई, सुरुवात रेल्वेपासूनच व्हायला हवी. ‘तू कुठल्या लाइनला राहतोस?’ हा मुंबईतला पहिला प्रश्न. गाव, जात, शाळा नंतर. वेस्टर्न, सेंट्रल की हार्बर एवढं कळलं की समोरच्याला तुमचा अर्धा दिवस कळतो.

पण याच रेल्वेत ‘लाइन’चे निदान तीन वेगळे अर्थ आहेत, ते बघा.

पहिला, अख्खा मार्ग. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, ३४ किलोमीटर, ती आपली पहिली लाइन. ३ फेब्रुवारी १९२५ला देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला धावली, ती हार्बर लाइन.

दुसरा, एकेक रूळजोडी. फास्ट लाइन, स्लो लाइन, लूप लाइन. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाली, तिथे मार्ग नवा नव्हता, रूळ नवे होते. ‘लाइन क्रॉस करू नको’ असं आई मुलाला सांगते तेव्हा तिच्या मनात रूळच असतात.

तिसरा अर्थ डब्यातला. डोंबिवली सुटलं की ठाण्याला उतरणाऱ्यांची दारापर्यंत लाइन लागते. ‘ठाणा? मग लाइनीत या’ असं अनोळखी माणूस खांद्यावर हात ठेवून सांगतो. ही रांग दिसायला रांगेसारखी नसते, घोळकाच असतो. पण कोण कोणाच्या मागे हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं.

लाइनबॉय_नायगाव

माझं नाव बघूनच कळलं असेल. वडील पोलिसात. आम्ही पोलीस लाइनीत वाढलो आणि पोलीस लाइनीतल्या पोराला ‘लाइनबॉय’ म्हणतात, मुलीलासुद्धा ‘लाइनीतली मुलगी’. इथे लाइन म्हणजे शिपायांच्या राहत्या खोल्यांची रांग. हा लष्करी अर्थ. मरीन लाइन्स स्टेशनचं नावसुद्धा यातूनच आलंय. ब्रिटिशांच्या मरीन बटालियनच्या बराकी तिथे होत्या, त्या ‘मरीन बटालियन लाइन्स’. समुद्राला लागून रस्ता आहे म्हणून ‘मरीन’ आणि रेल्वे आहे म्हणून ‘लाइन्स’ असं बऱ्याच जणांना वाटतं, पण नाव बराकींचं आहे. नागपूरची सिव्हिल लाइन्स हीसुद्धा अशीच, तिथे सैनिकांऐवजी मुलकी साहेब.

आमच्याकडे ‘लाइनीत राहतो’ या शब्दांना एक वजन असतं. ड्युटीवरून बाबा रात्री कितीही वाजता येवोत, शेजारच्या काकूंनी आमचं जेवण झालं की नाही ते पाहिलेलं असायचं. कोणाच्या वडिलांना बंदोबस्तात मार लागला तर सगळी लाइन जागी. हा अर्थ कुठल्या कोशात सापडेल मला माहीत नाही, पण वर्गात नायगावची मुलं असतील तर ती सांगतील.

शब्दवेडी

@लाइनबॉय, माझ्या वर्गात आहेत तुमच्याकडची मुलं. उद्याच विचारते. मरीन लाइन्सचं तर फळ्यावर लिहिणार.

बोटीवरचा_काका

शब्दवेडीताई, तुमचा दोरीचा मुद्दा आम्हा बोटीवाल्यांना लगेच पटेल. मी मर्चंट नेव्हीत होतो. जहाजावर ‘रोप’ हा शब्द फार कमी ऐकू येतो. गुंडाळी भांडारात पडलेली असते तोवर रोप. तिला काम लागलं की ती लाइन.

जहाज धक्क्याला लागताना काय होतं सांगतो. मोठा दोर माणसाला फेकता येत नाही, हाताच्या मनगटाएवढा जाड असतो. म्हणून आधी ‘हीव्हिंग लाइन’ फेकतात, बोटाएवढी बारीक दोरी. तिच्या टोकाला मुठीसारखी गोल, जड गाठ, म्हणजे वाऱ्यात ती नीट जाते. धक्क्यावरचा माणूस ती झेलतो, ओढतो आणि तिच्या मागून जाड दोर येतो. पुढच्या, नाळेकडच्या दोराला ‘हेड लाइन’ म्हणतात, मागच्याला ‘स्टर्न लाइन’. पेपरवाले ज्याला हेडलाइन म्हणतात ती वेगळी आणि आमची वेगळी, पण दोन्ही डोक्याकडच्याच.

अजून तीन. कंपनी म्हणजे ‘शिपिंग लाइन’, कारण ती ठरलेल्या दोन बंदरांमध्ये ठरल्या वेळी जहाज चालवते. अशा जहाजाला ‘लायनर’. जहाजाच्या अंगावर रंगवलेली खूण म्हणजे ‘लोड लाइन’. ती पाण्याखाली जाईल इतका माल भरायचा नाही. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसोल नावाच्या खासदाराने त्यासाठी झगडून १८७६चा कायदा करून घेतला. तोवर मालक विम्याच्या जोरावर वाटेल तेवढा माल भरत आणि खलाशी बुडत. एका रेघेने किती जीव वाचवले असतील!

आणि ‘शिप ऑफ द लाइन’. जुन्या आरमारी लढाईत मोठी जहाजं एकामागे एक उभी राहून एका बाजूने तोफा डागत. त्या रांगेत उभं राहण्याइतकं मजबूत जहाज म्हणजे शिप ऑफ द लाइन. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी ‘मिंडेन’ बांधलं, १८१० साली, ७४ तोफांचं, सागवानी. पुढे ‘कॉर्नवॉलिस’ही इथलंच. १८४२चा ब्रिटन-चीनमधला नानकिंगचा तह त्याच जहाजावर झाला. गोदीवरून जाताना मुलांना हे नक्की सांगा.

कल्याण_स्लो

काका, जबरदस्त. ‘काम लागलं की ती लाइन’ हे लक्षात राहील.

तिसरी_गल्ली

लाइन मारणे राहिलं की! कॉलेजच्या कट्ट्यावर सर्वांत जास्त चालणारा अर्थ तोच. ‘तो तिच्यावर लाइन मारतो’, ‘ती लाइन देत नाही.’ इंग्रजीत हा अर्थ आहे का?

शब्दवेडी

इंग्रजीत ‘पिक-अप लाइन’ आहे, पण तिथे लाइन म्हणजे वाक्य, ओळखीसाठी टाकलेलं. आपली ‘लाइन मारणे’ ही हिंदी-मराठीची स्वतःची घडण. तिसरी_गल्ली, हा अर्थ वर्गात आपोआप येतोच, तो मी दाबत नाही. शब्द जिवंत आहे याची ती खूण आहे.

ओळंबा

मी बांधकामाची छोटी कंत्राटं घेतो, बहुतेक जुन्या चाळींची दुरुस्ती. लालबाग, काळाचौकी, शिवडी. ताईंचा मूळ प्रश्न आमच्या रोजच्या वापरात आहे, म्हणून जरा लांब लिहितोय.

गवंडी वीट रचायला बसतो तेव्हा दोन टोकांना खिळे मारून त्यांच्यात दोरी ताणतो. तिचं नाव ‘लाइनदोरी’. ‘लाइनदोरी लाव, मग थर घे.’ नवा पोऱ्या कामाला आला की पहिलं शिक्षण हेच. दोरीला वीट चिकटायची नाही, केसभर आत राहायची. चिकटली तर दोरी बाहेर ढकलली जाते आणि पुढची अख्खी भिंत पोट काढते. दोरी सैल असेल तर मधे झोळ येतो. रोज सकाळी बोटाने छेडून बघायची, टणकन आवाज आला पाहिजे.

आता सुतार काय करतो बघा. तो सूत घेतो, गेरूच्या पाण्यात बुडवतो, फळीच्या दोन टोकांना दाबून ताणतो आणि मधोमध चिमटीत धरून उचलून सोडतो. फट्! फळीवर लाल सरळ रेघ. दोरी उचलून घेतली तरी रेघ राहते आणि करवत तिच्यावरून चालते. दोरीची रेषा कशी झाली, असं तुमच्या मुलांना विचारायचं असेल तर एकदा सुताराकडे घेऊन या.

म्हणून माझं म्हणणं असं की ‘लाइन’ला मराठीत रेषा, ओळ, रांग अशा दहा जागी शोधायची गरज नाही. तिची सख्खी बहीण आपल्याकडे आहे: सूत. सुतार हा शब्दच मुळात सूत्रधार. ज्याच्या हाती सूत तो सुतार. सूत म्हणजे धागा, सूत म्हणजे मापही. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. ‘दोन सूत कमी आहे, घास’ असं आम्ही दिवसभर म्हणतो. एखाद्याला वठणीवर आणायचं तर ‘लाइनीवर आणतो’ म्हणतो, तसंच ‘सुतासारखा सरळ करतो’. आणि तिसरी_गल्ली, तुमच्या लाइन मारण्याचा पुढचा टप्पा काय? सूत जुळणं!

शब्दवेडी

@ओळंबा, हे मी शोधत होते आणि मला सुचलं नव्हतं. जवसाचा धागा तिकडे फिरला, कापसाचा इकडे. दोन्हीकडे आधी दोरी, मग सरळपणा, मग माप, मग नियम. आपल्या ‘सूत्रा’चा प्रवासही बघा: पाणिनीची सूत्रं, गणिताचं सूत्र, कारभाराची सूत्रं हाती घेणं, ‘सूत्रांकडून कळते’. रेषा मात्र वेगळ्या घराण्यातली. ‘रेखा’च्या मागे ओरखडणं, कोरणं आहे. ओळ ही आवलीतून, दीपावलीतली. म्हणजे रेषा ओढतात, ओळ मांडतात आणि सूत ताणतात. इंग्रजीने ही तिन्ही कामं एकट्या लाइनवर टाकली.

बटणवाली

मापावरून आठवलं. मी लोअर परळला गारमेंटमध्ये होते, ट्रिम्स म्हणजे बटणं-लेबलं बघायचे. बटणाचं माप ‘लाइन’मध्ये असतं. ४० लाइन म्हणजे एक इंच. शर्टाच्या पट्टीचं बटण बहुतेक १८ लाइनचं, कॉलरचं १४. दुकानात कोणी मिलिमीटर सांगत नाही, ‘अठरा लाइन, चार भोकं, पांढरं’ असंच मागायचं. ओळंबा म्हणतात ते सूत आणि आमची लाइन, दोन्ही धाग्याची मापं झाली.

शिवाय मशीनची लाइन. एका लाइनीत पंचवीस-तीस मशीन, पहिली बाई कॉलर, पुढची बाही, शेवटी धागे कापणारी. एकीचं काम अडलं की मागे गठ्ठे साचतात आणि सुपरवायझर ओरडतो, ‘लाइन थांबली!’ थांबायची लाइन, बोलणी बसायची बायकांना.

प्रतिशब्द

मी सरकारी आणि वर्तमानपत्री भाषांतरं करतो. सगळीकडे ‘लाइन’ चालते म्हणून लिहितानाही तीच ठेवावी, असं इथे सूर लागायच्या आत थोडा विरोध नोंदवतो. मेट्रोसाठी ‘मार्गिका’ रुजली आहे. मेट्रो ३ मार्गिका, मेट्रो २अ मार्गिका. लोक नाक मुरडतात, पण शब्द चांगला घडलाय आणि वाचताना कोणी अडत नाही.

आणि काही मराठी प्रतिशब्द तर मूळ शब्दापेक्षा मोठे झालेत. ‘दारिद्र्यरेषा’ घ्या. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली पुण्याहून भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला आणि उष्मांकांच्या हिशेबाने गरिबी मोजायची चर्चा देशभर झाली. आज रेशन दुकानात पिवळं कार्ड घेऊन उभ्या असलेल्या मावशींनाही ‘रेषेखाली’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ‘नियंत्रण रेषा’ही तशीच. १९७२च्या सिमला कराराने आलेली, पण गावोगावच्या शहिदांच्या बातम्यांनी मराठी झालेली. या ठिकाणी ‘लाइन’ म्हटलं तर अर्थ पातळ होतो.

कल्याण_स्लो

दारिद्र्यरेषा, नियंत्रण रेषा, एकदम मान्य. मार्गिकेचं पटत नाही. ‘आठ मार्गिकांचा महामार्ग’ लिहिता तेव्हा मार्गिका म्हणजे लेन. ‘पाचवी-सहावी मार्गिका’ लिहिता तेव्हा रूळ. ‘मेट्रो ३ मार्गिका’ म्हणजे अख्खा मार्ग. एका शब्दाचे अनेक अर्थ नकोत म्हणून प्रतिशब्द काढला आणि त्याच्यावरही तीन अर्थ लादले. मग लाइनीने काय घोडं मारलं होतं? ‘मी हार्बर मार्गिकेला राहतो’ असं म्हणणारा एक माणूस दाखवा.

प्रतिशब्द

बोलण्यात नका म्हणू. छापील मजकुराला थोडी वेगळी शिस्त लागते, एवढाच माझा आग्रह. मार्गिकेवर तीन अर्थ आले, हे तुमचं बरोबर निरीक्षण आहे. पण शब्द वापरात आला की असंच होतं, तो लाइनीच्याच वाटेने चाललाय.

ओळंबा

कागदावरच्या रेषेची एक गोष्ट आम्हाला पावलोपावली भेटते. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यातलं २९७वं कलम, रस्त्याची नियमित रेषा. आम्ही ‘रोड लाइन’ म्हणतो. कागदावर ती ओढली की तुमच्या घराचा पुढचा भाग रस्त्यात गेला. घर तिथेच असतं, पण पुन्हा बांधायला काढलं की मागे सरकावं लागतं. माझ्या एका गिऱ्हाईकाचं आज्याच्या काळातलं दुकान असंच अर्धं रेषेत होतं. रंग काढायलासुद्धा घाबरायचे. कोळीवाड्यांत हीच गत भरतीरेषेची. किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या १९९१च्या अधिसूचनेपासून समुद्राच्या उच्चतम भरतीरेषेपासून मोजून काय बांधता येईल ते ठरतं. ज्यांची घरं त्या अधिसूचनेच्या कितीतरी आधीची, त्यांनी ती रेषा कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही. अशी लाइन आणि माझी लाइनदोरी यांत मला तरी मोठा फरक वाटतो. दोरी भिंतीच्या मापाने लावतात. इथे माणसाला दोरीच्या मापाने कापतात.

दादर_पहाटे_चार

आमचा पेपरचा धंदा. ‘लाइन’ म्हणजे ठरलेल्या इमारती, ठरलेला क्रम. ‘हिंदू कॉलनीची लाइन कोण टाकतो?’ पोरगा आजारी पडला तर ‘आज लाइन मी मारतो’. (आमच्यात लाइन मारणं म्हणजे हे!) लाइन विकतातही. गावी परत जाणारा माणूस आपली लाइन दुसऱ्याला देतो, किती घरं, किती पेपर यावर पैसे ठरतात. नव्या माणसाला आठवडाभर सोबत घेऊन फिरवावं लागतं, कुठल्या मजल्यावर कडीला अडकवायचा, कुठे दाराखालून सरकवायचा, कुठल्या आजी वाट बघत उभ्या असतात. हे सगळं लाइनीबरोबर जातं.

धंदा या अर्थानेही लाइन आहेच. ‘पोरगं हॉटेल लाइनला लागलं.’ ‘आमच्या लाइनीत उधारी चालत नाही.’

बटणवाली

+१. ‘ह्या लाइनीत पैसा नाही’ हे तर प्रत्येक लाइनीत ऐकलंय.

तिसरी_गल्ली

‘डेडलाइन’ कुठून आली? ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकतो.

शब्दवेडी

तुरुंगातून. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ साली अँडरसनव्हिलच्या छावणीत युद्धकैद्यांसाठी कुंपणाच्या आत एक रेषा आखली होती. तिच्यापलीकडे पाऊल टाकलं की पहारेकरी गोळी घालत. ती डेडलाइन. मुदतीचा अर्थ विसाव्या शतकात तिथल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून आला. मी हे वर्गात सांगते तेव्हा एकदम शांतता होते आणि शब्द कायमचा लक्षात राहतो.

मॅटवरचा_पोऱ्या

कबड्डी विसरू नका. समोरच्यांच्या अंगणातली पहिली आडवी रेषा म्हणजे ‘निदान रेषा’. चढाई करताना ती ओलांडली नाही आणि कोणाला न शिवता परत आलात तर तुम्ही बाद. पुढे बोनस रेषा. आम्ही प्रॅक्टिसला ‘लाइन कट कर’ म्हणतो. क्रिकेटवाले ‘लाइन-लेंथ’ म्हणतात, तिथे लाइन डोळ्यांना दिसत नाही, बोलर मनात आखतो.

बोटीवरचा_काका

ताई, टेलिफोनचा अर्थ अजून कोणी लिहिला नाही. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसायचे दिवस. बंदरातून घरी बोलायचं तर ‘लाइन मिळाली का?’ एवढंच विचारायचो. मिळाली तर ‘लाइन क्लिअर नाही’. हीही अखेर तारच, दोन खांबांत ताणलेली. तुमच्या मुलांना खांबांवरच्या तारा फारशा दिसत नसतील, पण ‘ऑनलाइन’मध्ये ती तार अजून आहे, हे दाखवून द्या.

शब्दवेडी

सर्वांचे आभार. मी असं ठरवलंय. पहिल्या तासाला इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायचाच नाही. ओळंबांनी सांगितलेलं सूत आणि गेरू, वर्गात फळीवर मारून दाखवायचं. मग मुलांनी घरी विचारून यायचं, आई-बाबांच्या कामात ‘लाइन’ कशाला म्हणतात. दुसऱ्या तासाला ती वाक्यं मराठीतच फळ्यावर आणि प्रत्येकासमोर विचारायचं: इथे दोरी आहे, रेघ आहे, की एकामागे एक आहे? त्यानंतर पुस्तकातली इंग्रजी वाक्यं. ‘लाइन म्हणजे ओळ’ हे वहीतून खोडायला मात्र सांगणार नाही. त्याच्याखाली भरपूर जागा सोडायला सांगणार.

ओळंबा

गेरू आणि सूत मी देतो, परळलाच काम चालू आहे. सुतारालाही अर्धा तास पाठवतो. चिमूट कशी धरायची ते त्यानेच दाखवलेलं बरं, नाहीतर रेघ फुटते.

प्रतिशब्द

मुलांनी आणलेली वाक्यं इथे टाका, मला कोशासाठी हवीत. शिवडी किंवा वरळी कोळीवाड्यातली मुलं वर्गात असतील तर गळाच्या दोरीला घरी काय म्हणतात ते आवर्जून विचारा. इंग्रजीत तीही लाइनच आहे आणि कोळी बोलीत तिच्यासाठी स्वतःचा शब्द असणार.